दहा आठवड्यांची परदेशी इंटर्नशिप (जागतिक आरोग्य संशोधन): जावं का, आणि गेले तर तिथे उपयोगी कशी पडेन?

पायवाट | ४ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करतेय, एमपीएच. पहिलं वर्ष संपत आलंय. उन्हाळ्यात प्रत्यक्ष काम करणं सक्तीचं आहे आणि मला केनियाच्या पश्चिम भागात, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला, मलेरियावरच्या एका संशोधन प्रकल्पात दहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळतेय. मच्छरदाण्या घरात प्रत्यक्ष किती वापरल्या जातात, यावरचा अभ्यास आहे. माझं काम पत्रात एका ओळीत दिलंय: "डेटा साफ करणे आणि घरोघरच्या पाहणीत साहाय्य."

आनंद झालाय, पण झोप उडालीय. मला तिथली भाषा येत नाही. मी डॉक्टर नाही. दहा आठवड्यांत मी शिकेन भरपूर, पण तिथल्या माणसांच्या पदरात काय पडेल? माझ्या बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून कुणाच्या तरी घरात शिरून प्रश्न विचारायचे, हे मनाला पटत नाहीये. होकार कळवायला तीन आठवडे आहेत. जे अशा कामावर गेले आहेत, किंवा ज्यांच्याकडे असे विद्यार्थी आले आहेत, त्यांनी स्पष्ट सांगा. होकार देण्याआधी मी काय काय विचारून घ्यावं?

निशिगंध | ४ मार्च, रात्री १०:०५

अभिनंदन! जा गं बिनधास्त. हा प्रश्न तुला पडला यातच अर्धं काम झालं.

आकडेमोड | ४ मार्च, रात्री ११:३०

मी अशाच एका प्रकल्पात डेटा मॅनेजर होतो. दर उन्हाळ्यात दोन-तीन विद्यार्थी यायचे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

दहा आठवडे म्हणजे फार थोडे दिवस. पहिले दोन माणसं ओळखण्यात आणि लॉगिन मिळवण्यात जातात, शेवटचा आवराआवरीत. राहिले सात. या सात आठवड्यांत स्वतःचा नवा अभ्यास उभा करायचा विचार मनातही आणू नका. नैतिक समितीची मंजुरी मिळायला कित्येकदा याहून जास्त वेळ लागतो. केनियात परदेशी संशोधकाला नॅकोस्टी या सरकारी आयोगाचा संशोधन परवाना लागतो आणि त्यासाठी तिथल्या संस्थेशी संलग्नताही दाखवावी लागते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: चालू प्रकल्पाच्या मंजूर आराखड्यात माझं काम बसतं का, आणि माझं नाव त्या यादीत रीतसर घातलं जाणार आहे का? "ये तर आधी, मग बघू" असं उत्तर आलं तर सावध व्हा. टुरिस्ट व्हिसावर या असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

दुसरा प्रश्न: माझा रोजचा वरिष्ठ कोण? पत्रावर सही करणारे प्राध्यापक बहुतेक वेळा दुसऱ्या खंडात असतात. तुम्हाला रोज भेटणार तो फील्ड सुपरवायझर. तुम्ही येणार हे त्याला माहीत आहे का, आणि तुम्ही यावं असं त्याला वाटतं का, हे आधी कळू द्या. आमच्याकडे एकदा विद्यार्थिनी दारात उभी राहिली तेव्हाच आम्हाला समजलं की ती येणार होती. बिचारी पहिले आठ दिवस खुर्ची शोधत होती. त्यात तिचा काहीच दोष नव्हता.

रेघोट्या | ५ मार्च, सकाळी ७:१५

मी थोडं कडू बोलणार आहे, पण मनापासून. पायवाटताई, तुमच्या विमानाच्या तिकिटाचे आणि राहण्याचे पैसे तिथल्याच एखाद्या पदवीधर मुलीला दिले, तर ती हेच काम दहा आठवडे नाही, कितीतरी महिने करेल. तिला भाषा येते. ती निघून जाणार नाही. मग तुम्ही कशासाठी?

जागतिक आरोग्यातलं बरंच संशोधन अजून असंच चालतं. प्रश्न एका देशात ठरतो, रक्ताचे नमुने दुसऱ्या देशात गोळा होतात, निबंध तिसरीकडे छापून येतो. बाहेरून यायचं, माहिती उचलायची आणि उडून जायचं, म्हणून याला हेलिकॉप्टर संशोधन असं नावच पडलंय. याच्या उलट गडचिरोलीचं काम बघा. राणी आणि अभय बंग तिथेच राहिले, लोकांना काय सलतंय ते आधी ऐकलं आणि मग अभ्यास केला. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं. ३९ गावांत हे केलं, ४७ गावांशी ताडून पाहिलं, आणि १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आलेला होता. ते दहा आठवड्यांत होण्यासारखं काम नव्हतं.

गोदातीर | ५ मार्च, सकाळी ९:५०

रेघोट्या, बंग दांपत्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण "बाहेरच्यांनी येऊच नये" हे मला पटत नाही.

जुलाबावरच्या मीठ-साखर-पाण्याची गोष्ट घ्या. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश हे दोन तरुण अमेरिकन डॉक्टर होते, वयाच्या विशीतले. कॉलराच्या प्रौढ रुग्णांना तोंडाने द्रावण देऊन सलाइनची गरज खूप कमी करता येते, हे त्यांनी दाखवलं. पण लॅन्सेटमधल्या त्या निबंधावर रफिकुल इस्लाम आणि माजिद मोल्ला हीसुद्धा नावं आहेत. पुढे १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये द्रावण कालवून नातेवाइकांच्या हाताने रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. नंतर बांगलादेशात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या बायका १ कोटीहून जास्त घरांत जाऊन आयांना हे द्रावण शिकवत फिरल्या. त्यांचा पगार त्या आईच्या किती लक्षात राहिलं यावर ठरायचा! प्रकल्पाचा पगार कशावर ठरतो, यावरून त्याला खरोखर काय हवंय ते कळतं, असं मला ही गोष्ट सांगताना दर वेळी वाटतं.

सांगायचं ते इतकंच की ही साखळी आतल्या-बाहेरच्या सगळ्यांनी मिळून पुरी केली. बाहेरचा माणूस आला हे बिघडत नाही. तो कुणाच्या प्रश्नावर काम करतोय आणि हाताशी काम करणाऱ्यांचं नाव निबंधावर जातं का, हे मात्र विचारायलाच हवं.

रेघोट्या | ५ मार्च, सकाळी १०:२०

@गोदातीर, मान्य. पण ते डॉक्टर तिथे कॉलऱ्याचे वॉर्ड सांभाळत होते, उन्हाळी सुट्टीत आले नव्हते. माझा आक्षेप दहा आठवड्यांवर आहे.

समईची_वात | ५ मार्च, दुपारी २:००

मी परिचारिका आहे, नंतर संशोधनात आले. एक गोष्ट कळकळीने सांगते. जे काम करायची तुम्हाला स्वतःच्या देशात परवानगी नाही, ते तिथेही करायचं नाही. गर्दी असते, माणसं कमी असतात आणि कुणीतरी सहज म्हणतं, "तू बोट टोचून दे ना, सोपं असतं." शिकलेलं माणूस दिसलं की लोकही विश्वासाने हात पुढे करतात. त्या विश्वासामुळेच नकार देणं अवघड जातं.

माझ्या पहिल्या परदेशी प्रकल्पात बरोबरच्या विद्यार्थ्याला वापरलेली सुई लागली. एचआयव्हीपासून बचावाचं औषध ७२ तासांच्या आत, आणि खरं तर जितकं लवकर तितकं बरं, सुरू करावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. ते कुठे मिळेल हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमची अख्खी रात्र फोनाफोनीत गेली. औषध मिळालं, पोरगा सुखरूप आहे. पण त्या रात्री तो सारखा एकच वाक्य बोलत होता, "आईला काय सांगू?" म्हणून निघण्याआधी लेखी विचार: सुई लागली, अपघात झाला, ताप आला, तर कुणाला फोन करायचा आणि कुठे जायचं?

डॉक्टरकाका | ५ मार्च, संध्याकाळी ६:३०

समईताईंना अनुमोदन. प्रवासाचं थोडं माझ्याकडून.

पायवाट, मलेरियावर काम करायला जातेस म्हणून स्वतःचा मलेरिया विसरू नकोस. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच ठरव. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यावं लागतं आणि परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचं असतं. त्याने काहींना ऊन सोसत नाही. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलही रोजच, पण परतल्यावर सात दिवस पुरतं. मुलं परत आली की गोळ्या सोडतात, आणि मग महिन्याभराने कणकण जाणवते तेव्हा प्रवास केल्याचं डॉक्टरांना सांगायचं विसरतात. हे दोन्ही करू नकोस.

पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घे, प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. केनियातून थेट भारतात घरी येणार असशील तर ते हातातल्या बॅगेत ठेव. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

डेटा साफ करणार आहेस म्हणून आणखी एक. मलेरियाची झटपट चाचणी बऱ्याचदा एचआरपी२ हे प्रथिन शोधते. परजीवी मेल्यावरही ते रक्तात काही आठवडे राहू शकतं. त्यामुळे औषध पूर्ण घेतलेलं मूल पुन्हा पॉझिटिव्ह दिसलं तर "औषध लागू पडलं नाही" असा शेरा मारून मोकळी होऊ नकोस. आधी तारखा बघ.

निशिगंध | ५ मार्च, संध्याकाळी ७:१०

काका, हे तर डेटा साफ करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावं असं आहे. वाचनखूण साठवली.

कोरा_कागद | ६ मार्च, दुपारी १२:४५

थोडं अवांतर, पण पैशांबद्दल कुणीच बोललं नाही. इंटर्नशिपला मानधन आहे का? जागतिक आरोग्य संघटनेतही २०२० पर्यंत इंटर्नना मानधन नव्हतं. जिनिव्हासारख्या शहरात बिनपगारी राहणं कुणाला परवडणार? ज्यांच्या घरी परवडतं त्यांना. मग पुढे धोरण ठरवणाऱ्या खुर्च्यांवरही तीच मंडळी बसतात. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे याच संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, ठराव करून निम्म्या तरी जागा गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या तरुणांना मिळाव्यात असं ठरवलं, ते यासाठीच.

रेघोट्यांच्या मुद्द्याला धरून म्हणतो: तिथल्याच विद्यापीठातला एखादा विद्यार्थी याच इंटर्नशिपवर तुमच्या जोडीला आहे का, आणि त्याला तुमच्याइतकंच मानधन आहे का, हे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत, आणि पुष्कळ विद्यार्थ्यांनी विचारलं की पुढच्या वर्षी बदलतं. आमच्या विभागात असंच बदललं.

आकडेमोड | ६ मार्च, दुपारी १:२०

@कोरा_कागद, फार महत्त्वाचं बोललात. त्यात पैशाचे झरेही आटलेत. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशांना मदत देणारी यूएसएड ही सरकारी संस्था बंद केली, तिच्या पैशावर १९८४ पासून चालत आलेला डीएचएस (लोकसंख्या आणि आरोग्य) पाहण्यांचा कार्यक्रम तेव्हा थांबला. कितीतरी देशांत बालमृत्यू, लसीकरण, मच्छरदाण्यांचा वापर हे आकडे आपल्याला याच पाहण्यांमुळे माहीत होते. "काल रात्री या जाळीत कोण कोण झोपलं होतं?" हा प्रश्नही त्याच परंपरेतला. माझे जुने सहकारी नोकऱ्या शोधतायत. म्हणून आता जो प्रकल्प चालू आहे, त्यातला प्रत्येक आकडा नीट जपला जायला हवा असं मला फार वाटतं. डेटा साफ करणं हे हलकं काम समजू नका, पायवाट.

गोदातीर | ६ मार्च, संध्याकाळी ५:००

लेखक म्हणून नाव कुणाचं जाणार, हेही आधी बोलून घे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: कामात खरा वाटा, लिखाणात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही पुरे व्हावे लागतात. आता गंमत बघ. दारोदार फिरणाऱ्या माणसाला मसुदा वाचायलाच दिला नाही, तर तो दुसऱ्याच पायरीवर गळतो. म्हणून मसुदा त्यांच्यापर्यंत पोचतो का, ते विचार.

पायवाट | ९ मार्च, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. रेघोट्या, तुमचा चार वेळा.

प्रश्नांची यादी करून पाठवली. प्राध्यापकांनी लगेच उत्तर दिलं, पण मला हवं असलेलं उत्तर फील्ड सुपरवायझरकडून आलं. त्या स्वतः बारा वर्षं हे काम करतायत. त्यांनी लिहिलं: "आमच्याकडे प्रश्नावलीचा कोडबुक, म्हणजे प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कसं नोंदवायचं याची वही, नाही. जुना माणूस सोडून गेला की सगळं त्याच्या डोक्यातून जातं. तू बसून आमच्याबरोबर ते लिहिणार असशील तर ये." सुई हातात घ्यायची नाही, हेही त्यांनीच आधी लिहिलं. मी होकार कळवतेय.

रेघोट्या | ९ मार्च, रात्री १०:५०

या उत्तरासाठी माझा आक्षेप मागे घेतो. तिकिटाचा नाही, तुमच्या जाण्याचा. आल्यावर इथे लिहा. वाट बघतो.

समईची_वात | १० मार्च, सकाळी ८:००

जा बाळ, सांभाळून. आणि काकांच्या गोळ्या.

पायवाट | २ सप्टेंबर, रात्री ८:३०

मंडळी, धागा वर काढतेय. परत येऊन दोन आठवडे झाले. गोळ्या घेतल्या, काका. शेवटच्या दिवसापर्यंत.

खूप लिहिण्यासारखं आहे, पण एकच प्रसंग सविस्तर सांगते, कारण माझे दहा आठवडे त्याच्याभोवती फिरले.

प्रश्नावलीत एक साधा प्रश्न होता: गेल्या दोन आठवड्यांत मुलाला ताप आला होता का? छापील प्रश्नावली स्वाहिलीत, घरातलं बोलणं बरंचसं धोलुओ भाषेत. डेटा साफ करताना मला दिसलं की एका गटाने भेट दिलेल्या घरांत ताप खूप जास्त होता आणि शेजारच्याच भागात फिरणाऱ्या दुसऱ्या गटाकडे कमी. जाळ्यांचा वापर दोन्हीकडे सारखाच. मला वाटलं, कुणीतरी घरी बसून फॉर्म भरलेत. हे कबूल करताना वाईट वाटतं, पण माझ्या मनात पहिला विचार तोच आला. मी तसा ईमेलही लिहून ठेवला होता, प्राध्यापकांना पाठवायला.

पाठवण्याआधी सुपरवायझर ताईंना दाखवला. त्यांनी वाचला, रागावल्या नाहीत. मला गाडीत बसवलं आणि दोन्ही गटांबरोबर एकेक दिवस फिरायला लावलं. पहिला गट विचारायचा, "होमा होता का?" स्वाहिलीत होमा म्हणजे ताप, पण फ्लूसारख्या दुखण्यालाही लोक होमाच म्हणतात. नाक गळणारं मूलसुद्धा "हो" मध्ये जायचं. दुसऱ्या गटातली बाई जुनी होती. ती हात लावून दाखवायची आणि विचारायची, अंग तापलं होतं का? आपल्याकडेही "कणकण आहे", "अंगात कसर आहे" आणि "ताप आलाय" यांत केवढा फरक आहे! एकाच घरातली दोन माणसं तेच दुखणं दोन शब्दांत सांगतील. मला स्वतःच्या भाषेत हे लहानपणापासून माहीत होतं, आणि दुसऱ्याच्या भाषेत मी त्याला खोटेपणा समजले.

त्या जुन्या बाईला हा फरक कित्येक वर्षं ठाऊक होता. मी विचारलं, तुम्ही कुणाला सांगितलं का नाही? ती म्हणाली, कुणी विचारलं नाही.

मग उरलेले आठवडे आम्ही तेच केलं. दर शुक्रवारी दुपारी फील्डवरची सगळी माणसं एकत्र बसायची आणि प्रश्नावलीतला एकेक प्रश्न घ्यायची. तुम्ही तो कसा विचारता? लोक काय समजतात? कुठे अडतात? तिथल्या विद्यापीठातला एक विद्यार्थी माझ्या जोडीला होता (कोरा_कागद, मी विचारलं होतं, मानधन सारखं होतं). तो धोलुओत टिपणं काढायचा, मी ती कोडबुकात घालायची, आणि पुढच्या शुक्रवारी वाचून दाखवायचो. गावातल्या कम्युनिटी हेल्थ प्रमोटर, म्हणजे गावपातळीवर आरोग्याचं काम करणाऱ्या बायकाही येऊ लागल्या. "काल रात्री जाळीत कोण झोपलं होतं?" या प्रश्नावर त्यांनी सांगितलं की सरकारी माणूस विचारतोय असं वाटलं की लोक सगळ्यांचीच नावं सांगतात. म्हणून आधी जाळी कुठे टांगलीय ते बघून यायचं आणि मग विचारायचं, असं ठरलं. हे सगळं आता लिहिलेलं आहे, आणि वरती लेखक म्हणून फील्डवरच्या सगळ्यांची नावं आहेत.

तापाच्या त्या आकड्यांचं काय केलं? पुसले नाहीत. कुठल्या गटाने कसं विचारलं याची खूण प्रत्येक नोंदीला जोडली, म्हणजे पुढे विश्लेषण करणाऱ्याला कळेल. तो ईमेल मी पाठवला नाही.

आकडेमोड | २ सप्टेंबर, रात्री ९:१५

पायवाट, खूण जोडली आणि पुसलं नाही, हे वाचून फार समाधान वाटलं. अशा वेळी आकडा "दुरुस्त" करून टाकणारे मी खूप पाहिलेत.

डॉक्टरकाका | २ सप्टेंबर, रात्री ९:४०

"कुणी विचारलं नाही." दवाखान्यात रोज बसणाऱ्या माझ्यासारख्यालाही हे वाक्य लागलं. शाब्बास, पोरी.

रेघोट्या | ३ सप्टेंबर, सकाळी ७:३०

मनापासून वाचलं. एकच विचारतो, आणि टोचायला नाही: त्या जुन्या बाईंचं पुढे काय? निबंध आला तर त्यांचं नाव?

पायवाट | ३ सप्टेंबर, सकाळी ११:००

@रेघोट्या, मला वाटलंच होतं तुम्ही हे विचाराल. प्रश्नावलीच्या भाषेवर एक छोटा निबंध लिहायचं ठरलंय. पहिलं नाव सुपरवायझर ताईंचं, त्या जुन्या बाईंचंही नाव लेखकांत. मसुदा स्वाहिलीतही करून सगळ्यांसमोर वाचायचा, म्हणजे गोदातीर म्हणाले ती दुसरी पायरी चुकणार नाही. माझं नाव कुठे यायचं ते त्या ठरवतील. आणि शुक्रवारची बैठक मी आल्यावरही चालू आहे, काल जोडीदाराने टिपणं पाठवली.

कोरा_कागद | ३ सप्टेंबर, दुपारी १:१०

माझी भाची पुढच्या महिन्यात अशाच कामावर निघतेय. तुमच्या कोडबुकचा नमुना इथे टाकता येईल का?

पायवाट | ३ सप्टेंबर, दुपारी १:२५

तो माझा एकटीचा नाही. शुक्रवारच्या बैठकीत विचारते. हो म्हणाले तर इथेच टाकते.